दादानं झिजवलेली पँट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही. आईला तर नाहीच — ती मला गुणाचं लेकरू म्हणत म्हणत गेली. तुम्हाला का सांगतोय? तुमची-माझी ओळख नाही म्हणूनच असेल. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ अजून वळत नाही.

गोष्ट एका पँटीची आहे. पण आधी घराचं सांगतो, नाहीतर पँटीचं वजन कळायचं नाही.

आम्ही न्हावऱ्याचे. गावात घर होतं, पण वर्षातले बरेच महिने ते कुलपातच असायचं. वडील मेंढरं घेऊन दौंडच्या अंगाला उतरायचे, भीमेच्या काठाकाठानं राहू गावापर्यंत. ज्याच्या वावरात मुक्काम पडेल तिथं मेंढरं बसवायची. लेंडीखत पडतं म्हणून शेतकरी ज्वारी-बाजरी द्यायचा. तेच आमचं खाणं. ज्या दिवशी वावर मिळालं नाही, त्या दिवशी आई भाकरीऐवजी नुसतं ताक पुढं करायची आणि बोलायला लागायची — मेंढरांचं, पावसाचं, कशाचंही — म्हणजे आमचं लक्ष ताटाकडं जाऊ नये. वडील गेले तेव्हा मी पहिलीत होतो, दादा पाचवीत. मेंढरांमागं कुणीतरी जायला हवं होतं. दादा म्हणाला, मी जातो. त्याला कुणी जा म्हणालं नव्हतं. पाटीवरची अक्षरं त्याची माझ्यापेक्षा चांगली होती, हे मला अजून आठवतं.

मी शिरूरला राहून बी.कॉम. झालो. आमच्या भावकीत पदवी घेतलेला पहिला माणूस मी. हे मी ताठ मानेनं सांगतो, अजूनही. तो अभिमान खोटा नाही. खोटं काय आहे, ते पुढं येतंय — थोडं थांबा.

नोकरी लागली ती पुण्याजवळच्या एका कंपनीत. कपडे शिवून परदेशी पाठवायची कंपनी. मी पॅकिंगच्या टेबलावर, खोक्यांवरचे आकडे तपासायला. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. आमचं एक गिऱ्हाईक जपानचं होतं — वयस्कर, बारीक, कमी बोलणारा माणूस. त्याला सगळे साहेबच म्हणायचे. हा माणूस अंगात कायम एकच विटकी जीन्स घालून यायचा. मालक लोक कोट घालून त्याच्यापुढं उभे, आणि हा गुडघ्यावर ठिगळ लावलेला! मला वाटायचं, जपानमध्ये एवढी गरिबी आहे की काय?

मग कळलं. त्याच्याकडं जुन्या अरुंद मागावर विणलेलं कापड यायचं. काठाला लाल दोरा — लुगड्याला काठ असतो ना, तसा. नीळ सुताच्या वरवरच बसलेली, आत सूत पांढरंच राहिलेलं. त्यामुळं जिथं घासलं जाईल तिथं पांढरं उमटतं. बसणाऱ्याचं बसायच्या जागी, चालणाऱ्याचं चालायच्या जागी. साहेब दुभाष्याकडून एकदा म्हणाला, नवी पँट सगळ्यांची सारखी असते, जुनी झाली की ती एकाचीच होते. त्याच्या देशात अशा जुन्या झालेल्या पँटी काचेमागं लावून ठेवणारी दुकानं होती. त्याचं स्वतःचं होतं.

मला हे वेड लागलं. का लागलं? आमच्या घरात कपडा जुना झाला की शरम वाटायची. आणि इथं एक शहाणा माणूस म्हणत होता की जुनं होणं हीच त्याची किंमत. मला ते फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की — पण ते नंतर.

कंपनीत आम्ही चौघं जण या वेडाचे. म्होरक्या दीपक, सदाशिव पेठेतला, सॅम्पल विभागात होता. रविवारी त्याच्या घरी पँटी पलंगावर पसरायच्या आणि बैलबाजारात दात बघावेत तशा शिवणी बघायच्या. खिशाच्या तांब्याच्या रिबिटा घासून उजळल्यात का, पायाच्या तळाची शिवण पिळली गेलीय का, गुडघ्यामागं चुण्यांची जाळी पडलीय का. चहा थंड व्हायचा तरी आमचं संपायचं नाही. आणि एक नियम होता, देवाच्या नियमासारखा — पँट धुवायची नाही. धुतली की नीळ एकसारखी उतरते, मग अंगाचं काहीच उमटत नाही. महिनोन्‌महिने तशीच घालायची.

एका वर्षी साहेबानं जाताना त्या कापडाचा उरलेला तुकडा आम्हाला दिला. सॅम्पलच्या मास्तरांनी आमच्या चौघांच्या मापाच्या पँटी शिवल्या. साहेब म्हणाला, मी पुन्हा येईन तेव्हा दाखवा. जी आवडेल ती मी घेऊन जाईन आणि दुकानात लावीन — घालणाऱ्याच्या नावासकट.

मी ती काही महिने घातली. पण मी करत काय होतो? खुर्चीत बसायचो, आकडे बघायचो, बसनं खोलीवर जायचो. पँट होती तशीच, पुठ्ठ्यासारखी. दीपक म्हणाला, "पांडू, तुझी पँट अजून कुवारीच आहे रे!" सगळे हसले. "खुर्चीला विचार, तिच्यावर तरी काही उमटलंय का."

मीही हसलो. पण मला लागलं. तिथं मी एकटाच गावाकडचा. बाकी सगळ्यांना इंग्रजी यायचं, पुण्याचं बोलणं यायचं. ही एक गोष्ट अशी होती जिथं मी त्यांच्या पुढं जाऊ शकलो असतो. आणि मला माहीत होतं — मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही — त्याच क्षणी मला माहीत होतं की ही पँट कुणाच्या अंगावर झिजेल.

दादाचं आणि माझं माप एकच.

पुढच्या सुट्टीत ती घेऊन गावी गेलो. म्हणालो, दादा, तुझ्यासाठी शिवून घेतलीय. जपानचं कापड आहे.

तुझ्यासाठी. हा शब्द मी वापरला. वापरायची काही गरज होती का? जरा घालून दे एवढं म्हणालो असतो तरी त्यानं घातली असती. त्यानं माझ्यासाठी यापेक्षा कितीतरी मोठं केलं होतं. पण मागायला मला कमीपणा वाटला. देणारा व्हायला बरं वाटलं.

दादानं आयुष्यात पायजमा आणि धोतर सोडून काही घातलेलं नव्हतं. त्यानं पँट जमिनीवर उभी करून बघितली, तर ती उभीच राहिली. तो लहान पोरासारखा हसायला लागला. "आरं, ही तर आपल्या पायावर उभी हाय!"

वहिनी चुलीपाशी होती. ती म्हणाली, "मग तिलाच धाडा मेंढरांमागं. तुमची काय गरज?"

मी नियम सांगितला, धुवायची नाही. वहिनीनं नाकाला पदर लावला. पण दादाला त्यात काही नवल वाटलं नाही. आमच्यात घोंगडं साबणानं धूत नाहीत. उन्हात टाकायचं, काठीनं झटकायचं, आणि पुन्हा अंगावर घ्यायचं. घोंगडं पवित्र. बिरोबापुढं तेच अंथरायचं, नवरा-नवरीला त्यावरच बसवायचं. "म्हंजी हे घोंगडंच की," दादा म्हणाला. "जपानची लोकं आपल्यातलीच दिसत्यात."

आणि त्यानं ती पँट घोंगड्यासारखीच सांभाळली. बाभळीवर उलटी करून उन्हात टाकायचा. रस्त्यावर लोक चिडवायचे — मेंढरांमागं साहेब चाललाय बघा! तो थांबून सांगायचा, "जपानची हाय. आमच्या धाकट्यानं दिलीया." विचारलं नाही त्यालाही सांगायचा.

मी अधूनमधून जायचो. दादाला भेटायला जातो, असं म्हणायचो. खरं म्हणजे पँट बघायला जायचो. तो बोलत असायचा, कोणती मेंढी व्याली, कुठं चारा आहे, आणि माझे डोळे त्याच्या गुडघ्यांवर. एकदा तो माझी नजर चुकवत म्हणाला, "पाण्यात भिजली रं. कोकरू वाहून चाललं व्हतं, उडी टाकावी लागली. पँट काढायला सवड न्हवती." मी कपाळाला आठी घातली. कोकराचं काय झालं, हे विचारलं नाही. त्याचं काही लागलं का, हेही नाही. त्यानंच मला समजावलं की लगेच सावलीत वाळवली, रंग लई गेला नाही.

पण काय उमटत होतं त्या कापडावर! आम्ही पलंगावर पसरायचो त्या पँटी मांडीवर पांढऱ्या व्हायच्या, खिशाच्या कडेला व्हायच्या. दादाची गुडघ्यांच्या आतल्या अंगाला झाली. लोकर कातरताना मेंढी दोन गुडघ्यांत दाबून धरतात. सारखा तो दाब, ते घासणं, आणि लोकरीचं तेल — त्या जागेला अशी चकाकी आली होती, जशी पितळेच्या भांड्याला राखेनं येते. खिशावर चुन्याच्या डबीचा गोल उमटला होता. एका गुडघ्याला काट्यानं फाटली, तिथं वहिनीनं घोंगड्याच्या काठाला घालतात तसे काळ्या लोकरीचे टाके घातले होते. बारीक, तिरपे, एकाला एक लागून. जगात अशी दुसरी पँट नव्हती. मला ते कळत होतं. त्या घरात ते कळणारा मी एकटाच होतो — म्हणून तर हे जास्त वाईट आहे.

साहेब येणार असं कळलं तेव्हा मी गेलो. दादाची मेंढरं राहूकडं बसली होती. म्हणालो, पँट दे, कंपनीत जरा डागडुजी करून आणतो.

त्यानं तिथंच, लिंबाच्या झाडाच्या आडोशाला जाऊन काढली आणि टॉवेल गुंडाळून आला. झटकली, घडी घातली. "सासुरवाडीच्या जत्रंला घालायची व्हती," म्हणाला. "तवर येईल न्हवं?"

येईल, मी म्हणालो.

त्या दिवशी सॅम्पलच्या टेबलावर चार पँटी पसरल्या. दीपकनं माझी पँट उचलून उजेडात धरली. मग मित्राच्या मोठ्या मनानं म्हणाला, "पांडू, हे काय केलंस रे तू?" साहेब सगळ्या बघत बघत माझ्यापाशी आला आणि हललाच नाही. गुडघ्याच्या आतल्या त्या चकाकीवरून त्यानं बोटं फिरवली, डोळे मिटून. दुभाष्याकडून विचारलं, हे कसं झालं?

मोटारसायकल, मी म्हणालो. टाकी गुडघ्यांनी दाबून धरतो.

माझ्याकडं मोटारसायकल नव्हती.

खिशावरचा गोल? मोजायची टेप ठेवतो. हे टाके? मीच घातलेत. आमच्या आजोबांची पद्धत आहे.

बघा, एकदा सुरू झालं की किती सोपं जातं. दादाचे कष्ट घेतले, वहिनीचा हात घेतला, आजोबांनाही साक्षीला उभं केलं. साहेबानं पँट दोन्ही हातांनी उचलली, एखादं लेकरू उचलावं तशी. माझं नाव लिहून घेतलं. आणि जाताना मालकांना म्हणाला, हा मुलगा खोक्यांपाशी काय करतोय? याला कापड कळतं.

तिथून मी सॅम्पलला गेलो.

आता तुम्ही म्हणाल, चूक झाली, पण असं होतं माणसाकडून. थांबा. मला जे सांगायचंय ते हे नाहीच. एवढंच असतं तर मी ते केव्हाच कुणाला हसत हसत सांगितलं असतं.

जत्रा होऊन गेली. दादा पायजम्यावर जाऊन आला. मी गावी जायचं टाळत राहिलो. शेवटी गेलो तर तो वावरात, मेंढरांच्या कडंला बसलेला. चहापाणी झालं. बराच वेळ त्यानं विचारलं नाही. मग हळूच म्हणाला, "पँटीचं झालं का रं काय?"

मी काय म्हणू शकलो असतो? हरवली म्हणालो असतो, चोरीला गेली म्हणालो असतो. तो म्हणाला असता, जाऊ दे. किंवा खरं सांगितलं असतं — दादा, तुझी पँट एका म्हाताऱ्या माणसाला इतकी आवडली की तो ती समुद्रापलीकडं घेऊन गेला. तो खूष झाला असता हो! साऱ्या न्हावऱ्यात सांगत फिरला असता. त्यात माझं फक्त एकच गेलं असतं — तिथं माझं नाव का, याचं उत्तर द्यावं लागलं असतं.

मी म्हणालो, "साहेबांनी बघितली. म्हणाले, घालणाऱ्यानं पार वाट लावलीय हिची. दुरुस्त होण्यासारखी राहिली नाही. टाकून दिली."

हे ते. हेच मी इतकी वर्षं आत धरून बसलोय.

का म्हणालो असं? त्यानं पुन्हा विचारू नये म्हणून. लाजलेला माणूस पुन्हा विचारत नाही, हे मला ठाऊक होतं. मी स्वतः आयुष्यभर लाजलेला होतो ना. ज्या झिजण्यापुढं साहेबानं डोळे मिटले होते, तेच झिजणं मी त्याच्यापुढं गुन्हा म्हणून ठेवलं.

दादानं मान खाली घातली. आपल्या गुडघ्यांकडं बघत राहिला. मग विचारलं — आणि हे मी कान बंद केले तरी ऐकू येतं — "तुला बोललं का रं सायेब? माझ्यापायी?"

मी गप्प राहिलो. गप्प राहणं म्हणजे हो.

"चूक झाली बाळा," तो म्हणाला. "मेंढराच्या धंद्यात चांगली वस्तू टिकत न्हाई. मी नगं म्हणाया पायजे व्हतं." मग उठला आणि एक लंगडणारं कोकरू उगाच तपासत बसला.

त्यानंतर त्यानं माझ्या हातचा कपडा घेतला नाही. भांडण नाही, अबोला नाही. माझ्यावर जीव पहिल्यासारखाच. पण दिवाळीला शर्ट नेला की म्हणायचा, ठेव, भावकीतल्या पोराला होईल. धोतरजोडी नेली की म्हणायचा, हाय की माझ्याकडं. मी वरच्या जागेवर गेलो, अंगावर चांगलं आलं, घरी सगळ्यांना चांगलं आणलं. तो तेवढा बाजूला. एकदा उबदार जाकीट नेलं, चांगलं अस्तराचं. त्याची छाती तेव्हा धरायला लागली होती, पहाटे खोकून खोकून लाल व्हायचा. त्यानं हात लावून बघितलं. अस्तरावरून हात फिरवला. मग हसून म्हणाला, "नगं. माझ्या अंगावर नासंल."

तेव्हा सांगता आलं असतं. त्या एका क्षणी, अस्तरावर त्याचा हात असताना. मी जाकीट घडी करून पिशवीत घातलं.

थंडीनं गेला असं मी म्हणणार नाही. दौंडच्या डॉक्टरांनी छाती आधीपासूनच खराब आहे असं सांगितलं होतं. पण गेला तो थंडीतच, फाटक्या सदऱ्यावर घोंगडं पांघरून.

आमच्यात मयताला भावकी आणि सोयरे नवं कापड घालतात. माझी पाळी आली. सासुरवाडीकडच्यांनी घातलं होतं, त्यावर मी घातलं. कोरं, कडक, घडी न मोडलेलं. तेवढं एकच कापड त्यानं माझ्याकडून घेतलं.

दहावा झाल्यावर वहिनी ओट्यावर बसली होती. सहज, राग नव्हताच तिच्या बोलण्यात, म्हणाली, "तुमच्या कापडाची लई धास्ती घेतली व्हती त्यांनी, भावजी. म्हणायचे, पांडूला माझ्यापायी बोलणी खावी लागली. मला पायजम्याचं ठिगळबी नीट लावाया सांगायचे. म्हणायचे, मला कपडा वापराया येत न्हाई."

मी म्हणालो, दादा भोळा होता.

आणि उठलो. वहिनी अजून आहे. तिला वाचता येत नाही. हे तिला वाचून दाखवायचं आहे, असं मी दर वेळी न्हावऱ्याला निघताना ठरवतो, आणि तिच्या हातचं जेवून परत येतो.

तर असं आहे. माझ्या बाजूनं बोलण्यासारखं यात काही नाही, आणि मी ते शोधायचंही सोडून दिलंय. राहता राहिलं माझं काय झालं ते. दादा गेल्यानंतर एक-दोन वर्षांत मी खरेदीचा मॅनेजर झालो आणि कंपनीनं मला जपानला पाठवलं. साहेब तोवर वारले होते, दुकान त्यांचा मुलगा चालवत होता. पँट काचेमागं होती, गुडघे जरा बाहेर वळवून टांगलेली, म्हणजे आतली चकाकी दिसावी. खाली माझं नाव. मुलानं त्या कार्डाकडं आणि मग माझ्याकडं बोट दाखवून विचारलं, तुम्हीच का? मी मान हलवली. तो कमरेतून वाकला आणि बराच वेळ तसाच वाकलेला राहिला. तो नमस्कार मी घेतला. आमच्या भावकीत पदवी घेतलेला पहिला मी, विमानात बसलेला पहिला मी, आणि परदेशात ज्याचं नाव लागलंय असाही आमच्यातला मी एकटाच.